खानापूरकडच्या कुंभार घराण्याला आव्यावरून (कुंभाराच्या उघड्या भट्टीवरून) स्टुडिओ पॉटरीकडे वळताना काय बदलावं लागतं?

चाकावरचा हात तोच राहतो, बदलते ती आग. बेळगाव जिल्ह्यात खानापूरची माती घागरी-कौलांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरात आहे आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. पण ही साधारण लाल माती ९०० ते १,००० अंशांची. स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त आचेत भाजलेल्या दगडासारख्या घट्ट भांड्यांच्या, १,२५० अंशांत ती फुगते, बसते, भट्टीतल्या शेल्फला चिकटते. म्हणून एक तर पांढरी चिकणमाती, फेल्डस्पार आणि सिलिका या खनिजांचं वेगळं मिश्रण करा, किंवा लाल मातीवर कमी तापमानाची शिसेविरहित झिलई चढवा. घरच्या धंद्याला मला दुसरी वाट जास्त पटते.

आधी आकुंचन मोजा: ओल्या पट्टीवर १० सेंमीची खूण करायची. भाजल्यावर ती ९ सेंमी भरली, तर १० टक्के.

माती गाळल्याशिवाय चाकावर घेऊ नका. चुनखडीचा ज्वारीएवढा खडा राहिला तर भांडं भट्टीतून धड निघतं, पण पुढे हवेतला ओलावा शोषून खडा फुगतो आणि तिथली खपली उडते, मध्ये पांढरा ठिपका. गिऱ्हाइकाच्या घरी हे झालं की वर्षानुवर्षांचं नाव जातं.

पावसाळ्यात भांडी वरून कोरडी, बुडाशी ओली असतात. म्हणून १०० अंशांपर्यंत आच अगदी मंद ठेवा, नाहीतर बूड फुटतं. ५७३ अंशांच्या आसपासही घाई नको, चढतानाही आणि उतरतानाही; तिथे मातीतलं क्वार्ट्झ (सिलिका) एकदम फुगतं किंवा आकसतं आणि भांडं तडकतं.