पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर स्वतः जोडतोयस? मग हे वाच

अरे भावा, आधी सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर उडवायचा सराव) घे आणि महिनाभर नुसतं हॉवर कर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर ठेव, पार्ट्स नंतर. साइज ४५० (हा हेलिच्या मापाचा वर्ग) घे, त्याचे पार्ट्स मिळतात आणि ३एस २२०० ची लिपो, म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लिथियम बॅटरी चालते, अगदी छोटं हेलि वाऱ्यात फार नाचतं. वायर, सोल्डर, कनेक्टर पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील पण ब्लेड, गिअर, शाफ्ट ऑनलाइनच मागव आणि दोन-दोन मागव, पडणारच आहे ते.

आता मेन गोष्ट. धातूत धातूचा जो जो स्क्रू जातो त्याला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), अगदी थेंबभर, आणि प्लॅस्टिकला अजिबात नाही, तडकतं. माझा टेलचा (शेपटीचा) एक स्क्रू राहिला होता, तीन मिनिटांत हेलि जमिनीवर. (चूक माझीच, घाई.) स्वॉशप्लेट (ब्लेडचा कोन बदलणारी चकती) सेट करताना रिमोटची स्टिक मधोमध ठेव, सर्व्होचे (ती चकती हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) आर्म ९० अंशात हवेत, ब्लेडचा पिच म्हणजे कोन शून्य, तो मोजायला पिच गेज वापर, डोळ्यांनी अंदाज नको. आणि हे सगळं करताना मोटरच्या वायर काढून ठेव!! मेन ब्लेड मिनिटाला अडीच हजारच्या वर फिरतात, बोट जाईल. जायरो (टेल स्थिर ठेवणारा सेन्सर) उलटा सेट झाला तर उडताक्षणी गरगर फिरतं, म्हणून टेल हाताने फिरवून बघ, जायरो त्याला विरोध करतो का.

लिपो चार्जिंगला लावून झोपू नकोस. आणि लोहगावच्या बाजूला उडवू नकोस, तिथे विमानतळ आहे.