32 मार्क म्हणजे नापास नाही गं

हाय,

तुझ्या गेमच्या व्हिडिओची स्क्रिप्ट वाचली. आवाज मस्त लागेल तुझा त्याला, फक्त एक वाक्य वाचून मी थांबले, "फामित्सूने चाळीसपैकी फक्त 32 दिले, म्हणजे खुद्द जपान्यांनाच हा गेम आवडला नाही". व्हिडिओ अजून टाकला नसशील तर जरा थांब, कारण ते वाक्य चूक आहे आणि का चूक आहे ते सांगायला मला चार ओळी पुरणार नाहीत, त्यामुळे चहा घेऊन बस.

आधी साधा हिशोब. फामित्सू या जपानी गेम मासिकात एका गेमला चार जण मार्क देतात, प्रत्येकी दहापैकी, आणि बेरीज होते चाळीसपैकी. बेरीज 30 झाली की गेम त्यांच्या मानाच्या यादीत जातो, 30-31 ला सिल्व्हर, 32 ते 34 ला गोल्ड आणि 35 किंवा वर गेलं की प्लॅटिनम. म्हणजे तुझ्या त्या गेमला गोल्ड मिळालंय बाई, आणि तू त्याला नापास करून मोकळी झालीस! तुझं चुकण्याचं कारणही कळतं मला, आपल्याकडच्या दहावीच्या निकालासारखं झालंय ते, 90 च्या खाली आलं की घरात सुतक. मोठ्या गेम्सना 36, 37, 38 मिळताना बघून बघून आपल्याला 32 म्हणजे कायतरी बिघडलंय असं वाटायला लागतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. 32 ही बेरीज आहे, मत नाही. चौघांनी 8-8-8-8 दिले तरी 32, आणि एकाने 10, दुसऱ्याने 9, तिसऱ्याने 7, चौथ्याने 6 दिले तरी 32च. पहिला गेम बहुतेक सगळ्यांना बरा वाटेल आणि महिन्याभरात विसरला जाईल. दुसरा कुणालातरी वेड लावणार आणि कुणालातरी वैताग आणणार, आणि खरं सांगू, मी दुसरा आधी विकत घेईन. इंग्लिश बातम्यांमध्ये फक्त बेरीज येते किंवा कधी कधी कंसात चार आकडे येतात, खालचा मजकूर कुणी देत नाही, आणि तू नेमकी तिथून उचललीस.

तो मजकूर दिसतो कसा ते सांगते, म्हणजे डोळ्यासमोर येईल. पानावर गेमचं नाव, कंपनी, मशीन, किंमत, रिलीजची तारीख, एखाददोन स्क्रीनशॉट, आणि बाजूला चार छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनात एक माणूस, त्याचा ठळक आकडा आणि मोजक्या ओळी, संपलं. तुझ्या स्क्रिप्टचा पहिला परिच्छेदही त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत माणूस वाद घालत बसत नाही, तो एक गोष्ट चांगली सांगतो, एक खटकलेली सांगतो आणि कुणी घ्यावा ते सुचवतो. खटकलेली गोष्ट नेहमी हळू आवाजात असते. "मालिकेच्या जुन्या चाहत्यांना नक्की आवडेल" असं लिहिलं आणि शेजारी 7 असेल तर समजायचं की नव्या माणसाने जरा जपून. आकडा आणि वाक्य एकत्र वाचलं तरच कळतं, नुसता आकडा मुका आणि नुसतं वाक्य अति सभ्य.

ही पद्धत आली कुठून ते बघ, म्हणजे एवढ्याशा ओळी का ते कळेल. निन्टेन्डोचं फामिकॉम आलं 1983 ला (आपल्याकडे 90 च्या दशकात टीव्हीला जोडायचे ते स्वस्त कॅसेटवाले व्हिडिओ गेम मिळायचे ना, ते बरेचसे याच मशीनच्या नकला). 1985 मध्ये तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने फॅमिली कम्प्युटर मॅगझिन काढलं, म्हणजे फामिमागा, फक्त फामिकॉमला वाहिलेलं पहिलं मासिक. फामित्सू आलं जून 1986 ला, ॲस्की या कंपनीकडून, त्यांच्याच लॉगिन नावाच्या कम्प्युटर मासिकातल्या एका सदरातून वाढून, आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत हा चौघांचा क्रॉस रिव्ह्यू सुरू झाला. 1991 पासून ते साप्ताहिक झालं.

वाचणारे बहुतेक शाळकरी पोरं. गेम महाग, 1994 ला सुपर फामिकॉमवर आलेल्या फायनल फँटसी 6 ची छापील किंमत 11,400 येन होती, आणि सिनेमाच्या कॅसेटसारखा गेम भाड्याने आणायची सोय तिथे नव्हती. म्हणजे नववर्षाला आजी-आजोबांनी पाकिटात दिलेले पैसे एका गेमवर लावायचे आणि तो बोगस निघाला तर पुढचे कितीतरी महिने तोच खेळायचा. अशा पोराला निबंध नको असतो, त्याला एवढंच हवं असतं की घेऊ का नको, आणि एका माणसाची आवड आपल्याशी जुळेलच असं नाही म्हणून चौघांना विचारलेलं बरं. क्रॉस रिव्ह्यू हा ग्राहकाला दिलेला सल्ला आहे, समीक्षा नाही, आणि त्याला समीक्षा समजून झोडपणारे इंग्लिश यूट्यूबर मला म्हणूनच पटत नाहीत.

त्या काळच्या मासिकांचा अजून एक किस्सा सांगायलाच हवा. फामिमागामध्ये गेमच्या युक्त्या छापायचे, कुठलं बटण किती वेळा दाबलं की काय होतं वगैरे, आणि त्या खऱ्या युक्त्यांमध्ये मुद्दाम एक खोटी घुसवायचे, ओळखा बघू म्हणून. 1986 मध्ये स्क्वेअर कंपनीचा सुइशो नो दोरागोन नावाचा ॲडव्हेंचर गेम आला होता, त्यातली नायिका तुमच्याशी कपडे उतरवायची पैज लावते अशी वात्रट थाप त्यांनी छापली, सोबत बनावट स्क्रीनशॉट, आणि पोरं तासन् तास प्रयत्न करत बसली. आज कुठल्या साईटने असं केलं तर केवढा गदारोळ होईल. पण मला वाटतं त्या पिढीला छापील मजकुरावर शंका घ्यायची सवय तिथे लागली असावी.

बरं, आता 40/40 वर येऊ, कारण तुझ्या पुढच्या एपिसोडचा विषय तोच आहे ना. सुरुवातीची बारा वर्षं कुणालाच पूर्ण मार्क मिळाले नव्हते. 1998 ला झेल्डाच्या ओकारिना ऑफ टाइमला पहिल्यांदा 40 मिळाले, मग 1999 ला सेगाच्या ड्रीमकास्ट मशीनवरच्या सोलकॅलिबरला, 2000 ला व्हेग्रंट स्टोरीला. 2006 ला फायनल फँटसी 12 ला मिळाले तेव्हा तो सहावा होता. म्हणजे वीस वर्षांत सहा. आणि पुढे? 2008 आणि 2009 या दोनच वर्षांत सात! स्मॅश ब्रदर्स ब्रॉल, मेटल गियर सॉलिड 4, 428 (हे गेमचंच नाव), ड्रॅगन क्वेस्ट 9, मॉन्स्टर हंटर ट्राय, बेयोनेटा, न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी. एवढे परिपूर्ण गेम अचानक यायला लागले असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. 2011 मध्ये स्कायरिमला मिळाले, जपानबाहेर बनलेल्या गेमला पहिल्यांदाच.

2008-09 च्या त्या सातातले दोन नीट बघ. बेयोनेटाला 40 मिळाले ते एक्सबॉक्स 360 वर, प्लेस्टेशन 3 च्या आवृत्तीला 38. गेम तोच, पण प्लेस्टेशनवर लोडिंगला वेळ लागायचा आणि चित्र अडखळायचं, आणि ते दोन मार्क तिथे गेले. सगळे फामित्सूला शिव्या घालतात पण जपानमध्ये प्लेस्टेशनवाले किती जास्त आणि एक्सबॉक्सवाले किती थोडे हे लक्षात घेतलंस तर हे छापायला थोडी हिंमत लागते हे तू मान्य करशील. दुसरा 428, टोक्योच्या शिबुया भागात घडणारी गोष्ट, नुसतं वाचायचं आणि पर्याय निवडायचे, चुनसॉफ्ट कंपनीने निन्टेन्डोच्या वी या मशीनसाठी बनवलेला. बाहेरच्यांना कळेना याला 40 कसे, कारण तो इंग्लिशमध्ये आलाच 2018 ला. जपानी वाचकासाठी लिहिलेल्या सल्ल्यात जपानी वाचकाची आवड दिसणार, त्यात कट-कारस्थान काही नाही.

उलट बाजूही सांगते. 2013 ला जोजोच्या ऑल स्टार बॅटलला 40 दिले. घेतल्यावर लोकांना कळलं की कॅम्पेन मोडमध्ये एनर्जी संपते, मग ती भरायची वाट बघा नाहीतर पैसे मोजा, पूर्ण किमतीच्या गेममध्ये! तिथल्या खेळाडूंनी मासिकाची इतकी टर उडवली की विचारू नकोस. मला वाटतं कारण असं असावं की रिव्ह्यू गेम बाजारात यायच्या आधी लिहिलेला असतो, ऑनलाइन भाग त्यांनी आपल्यासारखा खेळलेलाच नसतो. म्हणून गेम ऑनलाइन असेल तर आधी आलेल्या कुठल्याही रिव्ह्यूवर, जपानी असो की अमेरिकन, मी अर्धाच विश्वास ठेवते.

आता पैशाचं. तू विचारलंस की "कंपन्या मार्क विकत घेतात का". तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि तूही तसं बोलू नकोस. पण मासिकाची पानं उलटलीस तर दिसेल की जाहिरात त्याच कंपनीची, पुढच्या गेमची पहिली झलक त्याच कंपनीने दिलेली, मुलाखत त्यांच्याच डायरेक्टरची, आणि मग त्याच गेमला मार्क द्यायचेत. लाच द्यायची गरजच पडत नाही, माणूस आपोआप मऊ लिहितो. याला कंटाळूनच 1994 मध्ये गेम हिह्यो नावाचं मासिक निघालं, त्यांनी गेम कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं आणि लांब, रोखठोक लेख छापले. 2006 ला बंद पडलं ते. बारा वर्षं हे मला कमी वाटत नाही.

आणि तिसरा मार्ग वाचकांनाच मार्क द्यायला लावायचा. सेगा सॅटर्न मॅगझिन हे करायचं, वाचकांनी कार्डं पाठवायची आणि दर अंकात सगळ्या गेम्सची क्रमवारी लागायची. (काढणारी सॉफ्टबँक, हो हो तीच, पेटीएम आणि ओलात पैसे घालणारी, तिची सुरुवातच सॉफ्टवेअर विकण्यातून आणि कम्प्युटरची मासिकं काढण्यातून झाली.) त्या यादीत तळाला जाऊन बसला डेथ क्रिम्झन, 1996 चा बंदुकीचा गेम, इकोल नावाच्या छोट्या कंपनीचा, आणि तो इतका वाईट होता की लोक त्याच्या प्रेमातच पडले. शेवटचा नंबर हातचा जाऊ नये म्हणून चाहते धडपडायला लागले, पुढे ड्रीमकास्टवर दुसरा भागसुद्धा आला. त्याला मधलेच पाच-सहा मार्क मिळाले असते तर आज कुणाला नाव आठवलं नसतं.

तर तुझ्या स्क्रिप्टचं काय करायचं. ते वाक्य काढ. त्याजागी चारही आकडे वेगवेगळे सांग, कुठल्या मशीनवरची आवृत्ती ते सांग, आणि ज्याने सगळ्यात कमी दिले त्याचं म्हणणं एका वाक्यात मराठीत सांग, लोक तेवढंच लक्षात ठेवतील बघ. टक्केवारी काढत बसू नकोस. "जपानी लोकांना" वगैरे तर अजिबात नको, चार माणसं म्हणजे जपान नाही. तू स्वतः मार्क द्यायचे म्हणतेस तर एकटीने दहापैकी 8.5 असले आकडे फेकण्यापेक्षा तुझा भाऊ, तुझी ती फक्त फुटबॉल खेळणारी मैत्रीण आणि अजून एक कुणीतरी असे चौघं करा, आणि आपापसात न बोलता मार्क लिहा, नाहीतर सगळे तुझंच बघून लिहितील. कंपनीने कोड फुकट दिला असेल तर ते पहिल्या मिनिटात सांगायचं, शेवटी बारीक अक्षरात नाही.

मूळ जपानी वाचायचा कंटाळा करू नकोस गं. जपानीची N3 परीक्षा झालीये तुझी, क्रॉस रिव्ह्यूच्या त्या चार चौकोनांना एवढं पुरतं, अर्धे शब्द काताकाना लिपीत लिहिलेले इंग्लिशच असतात. देंगेकी प्लेस्टेशन मासिकाचा नियमित अंक 2020 मध्ये थांबला पण फामित्सू निघतंय अजून, आणि बुकवॉकर या साईटवर डिजिटल अंक मिळतो, कुरिअरचा खर्च नाही. एखादा अंक घे आणि ज्या गेमला 10 आणि 6 दोन्ही मिळालेत असा शोधून त्याच्या चारही चौकोनांचं भाषांतर करून पाठव. एखादं कांजी अक्षर अडलं तर फोटो काढून टाक, पण संध्याकाळी सातनंतर, दिवसा मी कारखान्यात दुभाष्याच्या ड्युटीवर असते आणि तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो.

ताई