झाकणाला साय आली म्हणून लगेच इंजिन खोलू नका

प्रश्न (रावेर): भाऊ, माझी जुनी पेट्रोल गाडी आहे, घर ते दुकान एवढीच फिरते, तीनेक किलोमीटर. परवा ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट सायीसारखं चिकटलेलं. मिस्तरी म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं) गेलं, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर: थांबा दादा. आधी सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर ऑइल मोजायची गेजपट्टी काढा, पुसा, परत घालून काढा. पट्टीवरचं ऑइल साफ असेल आणि बाटलीतल्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी होती तिथेच असेल, तर ती नुसती वाफ आहे. थंडीत तीन किलोमीटरमध्ये ऑइल नीट तापतच नाही, आतला ओलावा बाहेर निघत नाही आणि सगळ्यात गार असलेल्या झाकणाला जाऊन चिकटतो. झाकण पुसा आणि गाडी बऱ्हाणपूर रस्त्याला अर्धा-पाऊण तास सलग पळवून आणा, नंतर आठवडाभराने परत बघा.

पण पट्टीवरच दुधाळ, कॉफी रंगाचं ऑइल आलं, कूलंट दर दोन-चार दिवसांनी टाकावं लागतंय, सायलेन्सरमधून गरम गाडीतही पांढरा धूर येतोय, तर मिस्तरी खरं बोलतोय. खात्री करायची तर जुन्या चमच्यात ऑइलचे दोन थेंब घ्या, अंगणात खालून तापवा, तोंड लांब ठेवा. तडतड झाली म्हणजे पाणी आहे. मग गाडी स्टार्टसुद्धा करू नका, टोचन करून न्या, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग खराब व्हायला वेळ लागत नाही. आणि आठवून बघा, मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ डिग्रीत गाडी कधी तापून बंद पडली होती का? हेड बहुतेक तेव्हाच वाकतं, त्रास नंतर दिसतो. त्यामुळे गॅस्केट बदलताना हेडचा सपाटपणा तपासून घ्या, नुसतं गॅस्केट टाकून दिलं तर परत तेच.

प्रश्न (धुळे): डिझेल गाडीचं ऑइल बदललं, आठ दिवसांत काळं. फसवलं का?

उत्तर: नाही हो. डिझेलच्या काजळीने ते काळं होणारच. काळजी कधी करायची, तर पट्टीवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तेव्हा. बीएस६ (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी गावातल्या गावातच फिरली की धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असला तरी हेच होतं. आणि बोटावर ऑइल घासून उन्हात धरल्यावर बारीक चमचम दिसली, तर ती धातूची झीज, ती मात्र लगेच दाखवा.