बोल्ट रायफल घेतलीस? 'आर' जपून दाब

ऐरोली-वाशीच्या गेमिंग कॅफेत नवखा लगेच ओळखू येतो: एक गोळी झाडली की 'आर', म्हणजे रिलोडचं बटण. ऑटोमॅटिक बंदुकांची ही सवय आधी मोड; बोल्ट रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (मागचा दांडा) हाताने फिरवून मागेपुढे करावा लागतो.

- गोळ्या मनात मोज, आकडा बऱ्याचदा दिसतच नाही. कार ९८के रायफलमध्ये ५, ली-एनफिल्डमध्ये १०. क्लिप (एकदम भरायची गोळ्यांची पट्टी) मात्र दोन्हींची ५ चीच. म्हणून एनफिल्ड ५ गोळ्यांनंतर भर. तीनच झाडून भरायला गेलास, तर गोळ्या एकेक करून सरकवाव्या लागतात आणि तेवढ्यात समोरचा डोक्यावर येतो.
- एनफिल्डमध्ये पाचवी झाडल्यावर बोल्ट फिरवायच्या आधीच भर. आधी फिरवलास तर चेंबरमध्ये (झाडायची गोळी बसते त्या जागेत) नवी गोळी जाते, आणि भरताना बोल्ट पुन्हा उघडला की ती न झाडताच बाहेर उडते. तपशील पाळणाऱ्या गेममध्ये ती गेलीच समज.
- स्कोपवाली (वर दुर्बीण असलेली) सध्या नकोच. स्कोप क्लिपच्या जागेवरच येतो, त्यामुळे सगळ्या गोळ्या एकेक.

काही गेममध्ये बोल्ट आपोआप फिरत नाही, वेगळं बटण दाबावं लागतं. ते विसरून रिकाम्या चेंबरवर नेम धरणारे रोज भेटतात! झाडलीस की आडोशाला हो, मग फिरव. क्लिप टाकताना वेपन बदललंस तर काही गेममध्ये रिलोड पहिल्यापासून, हेही बघून ठेव.

वाऱ्याचं, अंतराचं गणित नंतर बघू.