तिला श्रम पडतच नाहीत का?

गाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी प्रतापनगरात राहतो, नोकरीतून निवृत्त आहे. किराणा घराण्याचं गाणं ऐकतच वाढलो. माझी मुलगी ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक, ऐकते. खरं सांगतो, मला तो इतकी वर्षं थरथरत्या आवाजातला आरडाओरडाच वाटायचा. मागच्या महिन्यात तिनं व्हिक्तोरिया दे लोस आन्हेलेस या गायिकेचं 'ला बोहेम'मधलं एक जुनं गाणं लावलं आणि मी हातातला पेपर बाजूला ठेवला. इतक्या वर जाऊनही त्या बाईंचा आवाज कुठं ताणला गेला नाही. त्यांना श्रम पडतच नाहीत का? आणि बाकीच्यांचं ऐकताना मला त्रास का होतो?

उत्तर : काका, तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला. पाश्चात्त्य गायिकांमध्ये मला सर्वांत जवळची कोण, असं विचारलं तर मी हेच नाव घेईन, आणि नागपुरात तिच्याविषयी बोलायला माणूस सहसा मिळत नाही.

तुम्ही ऐकलंत ते बहुधा १९५६ सालचं न्यूयॉर्कमधलं ध्वनिमुद्रण असावं. वाद्यवृंदाचे संचालक सर टॉमस बीचम, नायकाच्या भूमिकेत स्वीडनचा गायक युसी ब्योर्लिंग. मोनो ध्वनिमुद्रण आहे, पण त्यामुळे काही अडत नाही. इटालियन संगीतकार पुच्चीनीचा हा ऑपेरा १८९६ साली तोरिनोमध्ये प्रथम रंगमंचावर आला. प्रसंग अगदी साधा आहे. पॅरिसमधली कडाक्याची थंडी, माळ्यावरची खोली. शेजारची मुलगी विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला येते, आणि तिथल्या तरुण कवीला आपण कोण ते सांगते. मला मिमी म्हणतात, मी कापडावर फुलं भरते, एकटीच राहते. एवढंच. गाण्याचा बराचसा भाग बोलल्यासारखा आहे, मधल्या सप्तकात. मग ती म्हणते की बर्फ वितळू लागलं की पहिलं ऊन माझ्या खोलीत येतं, एप्रिलचं पहिलं चुंबन माझं असतं. इथं मागचा वाद्यवृंद भरून येतो आणि आवाज वर उघडतो.

हे 'वर' म्हणजे किती वर, ते आपल्या हिशेबानं पाहू. आपली एखादी गायिका काळी चारमध्ये गात असेल, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा षड्ज असेल, तर तार पंचमाला, वरच्या सप्तकातल्या 'प'ला, ती पोहोचली की आपण दाद देतो. मिमीच्या या गाण्यातला सर्वांत उंच स्वर त्या गायिकेच्या अतितार षड्जाच्याही, म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातल्या 'सा'च्याही, अर्ध्या स्वरानं वर आहे. सेकंदाला ८८० कंपनं. तेही माइकशिवाय. सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात आपण माइकवरचं गाणं ऐकतो, त्यामुळे याचा अंदाज आपल्याला चटकन येत नाही. ऑपेराच्या गायिकेला समोर बसलेल्या सबंध वाद्यवृंदावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो, आणि त्यासाठी तिच्याकडे स्वतःचं शरीर सोडून दुसरं काहीही नसतं.

तर श्रम पडतात. गळ्याला पडू द्यायचे नाहीत, हीच ती विद्या. श्वास भरून घेतल्यावर फासळ्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत, त्या फुललेल्या ठेवून हवा अगदी बेतानं सोडायची. इटालियन गायक याला 'अपोज्जो' म्हणतात. भार बरगड्यांवर, पाठीवर, पोटाच्या स्नायूंवर येतो आणि स्वरयंत्र मोकळं राहतं. वर जाताना जबडाही सैल सुटत जातो. त्यानं तोंडाच्या पोकळीची गुंज त्या स्वराशी जुळते आणि आवाज जोर न लावता मोठा होतो. याची किंमत शब्दांना द्यावी लागते. फार वर गेलं की 'ई' काय आणि 'आ' काय, सगळं एकसारखंच ऐकू येतं. ऑपेरातले शब्द कळत नाहीत ही तक्रार त्यामुळे पुष्कळदा खरी असते. व्हिक्तोरियाचं वैशिष्ट्य असं की तिचे शब्द बऱ्याच उंचीपर्यंत स्वच्छ राहतात. भाषा येत नसली तरी आपल्याला वाटतं, ही मुलगी काहीतरी सांगते आहे.

आता तुमच्या त्रासाविषयी. त्या गायकीत आवाजाला एक नैसर्गिक कंप असतो, सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा. त्यांचा कान त्या कंपाचा मध्य धरतो आणि तोच स्वर मानतो. आपला कान तंबोऱ्यावर तयार झालेला. आपल्याला षड्ज लावला की तो जागचा हलता कामा नये. कंप रुंद झाला की आपल्याला सूर डळमळल्यासारखा वाटतो, आणि आवाज मोठा करण्याच्या नादात तो अनेकांचा रुंद होतो. तिचा कंप बारीक आणि एकसारखा आहे, म्हणून तुमच्या कानानं तिला लगेच जवळ केलं. किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकरांचा तार षड्ज ज्यांनी मनापासून ऐकला आहे, त्यांना तो सूर परका वाटणारच नाही. दोघींच्याही गाण्यात स्वर लावण्याची धडपड दिसत नाही. तो आधीपासूनच तिथं होता, आपल्याला आत्ता ऐकू आला, असं वाटतं.

या बाईंचं लहानपण तुम्हाला आवडेल. जन्म १ नोव्हेंबर १९२३, बार्सिलोनाचा. वडील तिथल्या विद्यापीठात शिपाई-रखवालदार होते आणि कुटुंब विद्यापीठाच्या आवारातच राहायचं. ही मुलगी रिकाम्या वर्गांमध्ये जाऊन गायची. उंच छताच्या दगडी खोलीत आवाज फेकावा लागत नाही, सोडला की तो स्वतःच फिरून येतो. तिचा मोकळा आवाज तिथंच घडला असं मी ठामपणे मानते. पुढे तिनं तिथल्याच लिसेऊ संगीतविद्यालयात शिक्षण घेतलं आणि १९४७ साली जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९५० मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात तिनं पहिलं पाऊल ठेवलं ते मिमी म्हणूनच.

एक विनंती. हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात वरचे स्वर बोचरे होतात. आणि आपल्याकडे या दिवसांत कूलरच्या घरघरीत तिचे मंद स्वर बुडून जातात, तेव्हा पहाटे ऐका. विशेषतः गाण्याचा शेवट. एवढं वर जाऊन आल्यावर मिमी एकदम साध्या बोलण्यावर येते : अजून काय सांगू, मी तुमची शेजारीण, अवेळी येऊन त्रास देणारी. ही वाक्यं ती जवळजवळ न गाता गाते. वरच्या त्या स्वरापेक्षाही मला ही जागा मोठी वाटते.

प्रश्न : आमच्या धरमपेठेतल्या श्रवणमंडळात वाद झाला. काही जणांचं म्हणणं, व्हिक्तोरियासारखा गोड, निर्मळ आवाज ऐकायला छान, पण त्यात आग नाही. खरं नाट्य ऑपेरागायिका मारिया कॅलासच्या गाण्यात आहे. आपलं मत काय?

उत्तर : कॅलास मोठीच. तिचा जन्म २ डिसेंबर १९२३ चा, म्हणजे या दोघी महिन्याभराच्या अंतरानं जन्मल्या. पण निर्मळ आवाजात नाट्य मावत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडेही हा गैरसमज आहे. आवाज खरखरला, मान ताणली गेली, चेहरा वेडावाकडा झाला, म्हणजे गायक भावनेत बुडाला असं लोक समजतात.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत व्हिक्तोरियाचा 'मादामा बटरफ्लाय' हा पुच्चीनीचाच ऑपेरा लावा. नायिका पहिल्या अंकात पंधरा वर्षांची आहे. अमेरिकन नौदलातल्या अधिकाऱ्याशी तिचं लग्न लागतं, तो निघून जातो, ती वाट पाहते, आणि अखेर जीव देते. भूमिका अवजड आहे. पुच्चीनीनं वाद्यवृंद असा भरून लिहिला आहे की भक्कम आवाज लागतो, आणि भक्कम आवाजाच्या गायिका बहुतेकदा पहिल्या अंकापासूनच पोक्त वाटतात. व्हिक्तोरियाची बटरफ्लाय खरोखर लहान मुलगी वाटते. तिचा विश्वास तिच्या सुरातच आहे, त्यात एकही डाग नाही. म्हणून शेवटी तो विश्वास मोडतो तेव्हा ऐकवत नाही. तिला किंचाळावं लागत नाही. जे मोडणार आहे ते आधी अखंड असलं पाहिजे, आणि ते अखंडपण ऐकवणं फार थोड्या जणींना जमलं.

मग बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेरातली तिची नायिका कार्मेन. बीचम यांच्याबरोबरच १९५८-५९ मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रित झालेली. कार्मेन म्हणजे ठसका, कमरेवर हात, असं ठरूनच गेलं आहे. ही कार्मेन हसत बोलते, तिला कुणाला जिंकायची घाई नाही, आणि त्यामुळेच तिच्यावर भाळलेल्या डॉन होसे या शिपायाचं वेडं होणं पटतं. काही जाणकारांना ती फार सभ्य वाटते. मला ती अधिक धोकादायक वाटते. १९६१ साली तर हीच बाई जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात जाऊन त्या संगीतकाराच्या 'टानहॉयझर'मधली एलिझाबेथ गायली. ज्यांना तिचा आवाज नाजूक वाटतो त्यांनी हेही लक्षात घ्यावं.

टीकेतली एक गोष्ट मात्र मी मान्य करते. सगळ्यात वरच्या टोकाचे स्वर तिला नेहमी सोपे नव्हते, आणि वयाबरोबर ते अधिक अवघड झाले. काही ठिकाणी ती तिथं पोहोचते, पण रमत नाही. त्यानं माझं प्रेम कमी होत नाही. ती त्या स्वरांसाठी गातच नव्हती. मैफल संपल्यावर ती पुष्कळदा स्वतः गिटार घेऊन बसायची आणि स्पेनमधली साधी गाणी म्हणायची. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या समारोपात तिनं पक्ष्यांच्या गाण्याचं जुनं कातालान लोकगीत गायलं, तेव्हा ती ६८ वर्षांची होती. त्या वयात आवाज पूर्वीचा राहत नाही. सूर कुठं ठेवायचा ही समज राहते, आणि ती त्या गाण्यात ऐकू येते.

प्रश्न : ताई, मी विशारदच्या परीक्षेची तयारी करते आहे. तार सप्तकात माझा गळा आवळला जातो. तुमच्याकडे शिकणाऱ्या मैत्रिणीनं या गायिकेचं नाव सांगितलं. मी तिच्यासारखा आवाज लावण्याचा प्रयत्न करू का?

उत्तर : नको ग. तिचा आवाज ज्या पद्धतीनं बनतो ती पद्धत वेगळी. तिचा गोल, झाकलेला नाद आपल्या ख्यालात आणलास तर तुझा 'आ'कार ('आ' लावण्याची पद्धत) बिघडेल आणि गुरुजी रागावतील. तिच्याकडून घ्यायचं ते एवढंच की वर जाताना जोर वाढवू नये. तू बहुधा तार गंधाराच्या आधीच हनुवटी उचलतेस आणि श्वास एकदम सोडून देतेस. माझ्या वर्गात दहापैकी आठ मुली हेच करतात. आरशासमोर बस. पहाटे खर्ज भर, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर लावून धर, घाई न करता. मग मध्य पंचमापासून तार षड्जापर्यंत एकच मींड, म्हणजे न तुटता सरकत जाणारा स्वर, अगदी हळू घे, आणि वर जाताना आवाज मोठा करण्याऐवजी लहान कर. गळा दुखला तर त्याच क्षणी थांब. आठवडाभर दुखत राहिला किंवा आवाज बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव, काढे पीत बसू नकोस.

ऐकायला मात्र जरूर ऐक. तुला मी ऑपेरापासून सुरू करायला सांगणार नाही. ब्राझीलचे संगीतकार व्हिला-लोबोस यांची 'बाकियानास ब्राझिलेइरास' क्रमांक ५ ही रचना आहे, एक सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) आणि चेलो या तंतुवाद्यांचा ताफा. १९५६ साली पॅरिसमध्ये स्वतः व्हिला-लोबोस यांनी संचालन केलं आणि ती गायली. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसता 'आ'कार, लांबच लांब. आपल्या आलापीत रमणाऱ्या कानाला तो पहिल्याच खेपेला कळतो. शेवटी तेच सूर ती तोंड मिटून गुणगुणते, वर चढते, आणि तोंड मिटलेलं असतानाही स्वर दबत नाही. श्वास कुठून घेते ते शोधायचा प्रयत्न कर. मला तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यातही सापडला नव्हता.

त्यानंतर मिमी ऐक, आणि मग बटरफ्लाय. ती तिनं दोनदा ध्वनिमुद्रित केली, दोन्ही वेळा रोममध्ये : १९५४ मध्ये गायक दि स्तेफानोबरोबर आणि १९५९ मध्ये ब्योर्लिंगबरोबर. पहिल्यातला आवाज अधिक ताजा आहे, दुसऱ्यातलं दुःख अधिक खोल. माझा कल पहिल्याकडे आहे. तुझा कुठे झुकतो ते ऐकून झाल्यावर कळव.