टक्केवारीआधी किर्द बघ

सातारा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण काल रात्री दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर, सरकार शिक्षणावर जीडीपीच्या किती टक्के खर्च करतं यावरून तू देशांचा क्रम लावलास, तिथं मी अडलो. भारताचा आकडा आर्थिक पाहणीत 3 टक्क्यांच्या आसपास, तर शिक्षण मंत्रालयाच्या हिशेबात 4 च्या वर, कारण मंत्रालय इतर खात्यांचा शिक्षणावरचा खर्चही धरतं. तू कुठला घेतलास? दोन मापांनी धान्य मोजलं की तुलना तिथंच फसते.

श्रीलंका बघ. शिक्षणमंत्री कन्नंगरांच्या आग्रहानं 1945 पासून बालवर्ग ते विद्यापीठ शिक्षण मोफत झालं. पुढं 1980 पासून पुस्तकं, 1993 पासून गणवेश. अलीकडं खर्च जेमतेम 2 टक्क्यांच्या आसपास, म्हणून तू त्यांना तळाला टाकलंस. पण साक्षरता 90 च्या वर आहे! मात्र तिथं खाजगी शिकवण्या बोकाळल्यात, तो खर्च बापाच्या खिशातून जातो. तेही लिही.

बांगलादेशावर तू चार ओळी दिल्यास, मी चार पानं दिली असती. तिथल्या बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी, पण मान्यताप्राप्त शाळांतल्या शिक्षकांचा मूळ पगार सरकार देतं, आपल्या अनुदानित शाळांसारखाच. खरी गोष्ट 1994 ची. ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना उपवृत्ती, म्हणजे शिकण्यासाठी रोख मदत, सुरू झाली. अटी तीन: 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण, आणि लग्न झालेलं नको. पैसे मुलीच्याच खात्यात. आज तिथल्या माध्यमिक वर्गांत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. जतकडच्या ऊसतोड घरांतल्या मुली आठव, म्हणजे तिसऱ्या अटीचं मोल कळेल.

नेपाळनं 2015 च्या घटनेनं शाळा 753 स्थानिक पालिकांकडं दिल्या. एवढं नोंदवलंस तरी पुरे.

आता आपलं. पट 30 पर्यंत असला तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10 हजार. त्यातच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. माझ्या शेवटच्या शाळेत ते यायचं फेब्रुवारी-मार्चात. तोवर खडू उधारीवर. एका पावसाळ्यात दुसरीच्या वर्गावरचे पत्रे उडाले, ते गावानं जत्रेच्या वर्गणीतून बसवले. मुष्टीफंडाच्या मूठमूठ धान्यावर रयतची वसतिगृहं चालवणारा हा जिल्हा, गावाला ते जड गेलं नाही. पण ते पैसे तुझ्या तक्त्यात कुठं आहेत? पालकांनी आणि गावानं भरलेल्या रकमेचा रकाना प्रत्येक देशापुढं काढ. आकडा मिळाला नाही तर रकाना मोकळा ठेव, पण ठेव.

रविवारी सकाळी ये. त्या वर्षाच्या किर्दीची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीची, झेरॉक्स काढून ठेवलीय. पत्र्यांचा खर्च पान 14 वर आहे.

तुझे,
गुरुजी