‘काका, क्लिअर आहे ना?’

सांगली, रविवार

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तू घ्यायचा म्हणतेस त्या प्लॉटच्या सातबाऱ्याचा फोटो मिळाला. तिरका आलाय, कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याची सावली पडलीय आणि खाली एकच ओळ : ‘काका, क्लिअर आहे ना? एजंट म्हणतो शुक्रवारी विसार द्या.’ फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ करतेस आणि दुसऱ्या दिवशी विसरतेस. म्हणून लिहायला बसलो.

सातबाऱ्यावर ‘क्लिअर’ नावाचा रकाना नसतो. तो मालकीचा दाखला म्हणून जन्मालाच आलेला नाही. सरकारला शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ठेवलेला तो हिशेब. वर गाव नमुना सात : कोणाच्या नावे किती क्षेत्र, आकार म्हणजे सारा किती. खाली गाव नमुना बारा : पीक कोणतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 157 म्हणतं की ही नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोकरीत मी मोजणीच्या निमित्तानं जेवढी भांडणं पाहिली, त्यातली निम्मी तरी या ‘उलट सिद्ध होईपर्यंत’मध्ये अडकलेली होती.

मालकी येते खरेदीखतानं, वारसानं, वाटपानं, बक्षीसपत्रानं, मृत्युपत्रानं, नाहीतर कोर्टाच्या हुकमानं. त्याची नोंद फेरफार रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना सहाला पडते आणि तिथून नाव सातबाऱ्यावर उतरतं. नाव कोणाचं आहे हे सगळेच विचारतात. तू विचारायचं ते हे, की नाव आलं कुठून?

तुझाच फोटो घे. दोन भावांची नावं आहेत, त्यांच्यासमोर गोलात फेरफाराचा नंबर. त्यांच्या वर एक नाव कंसात. कंस म्हणजे ते नाव कमी झालं. हे त्यांचे वडील, वारले. इथपर्यंत एजंटनंही तुला सांगितलं असेल. त्यानं न सांगितलेली गोष्ट अशी, की वडिलांचं नाव त्यांच्याही वडिलांच्या पश्चात लागलं असणार, आणि त्या वेळच्या हातानं लिहिलेल्या उताऱ्यावर नावापुढे बहुतेक ‘ए.कु.मॅ.’ असं असणार. एकत्र कुटुंब मॅनेजर. घरातल्या थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि पुढे ही अक्षरं टाकायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. कुटुंब मोठं, रकाना लहान! पण त्या अक्षरांआड त्याच्या सगळ्या भावाबहिणींचे हिस्से झाकलेले असतात. संगणकावरच्या उताऱ्यात ती अक्षरं उतरली असतीलच असं नाही. म्हणून तलाठ्याकडून नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित फेरफार काढायचे आणि ओळ न ओळ वाचायचे. अक्षर लागत नसेल तर माझ्याकडे घेऊन ये, मला त्या अक्षराची सवय आहे.

दुसरं, या दोन भावांना बहीण नाही का? फोटोत तरी नाही. तू एजंटला विचार. तो म्हणेल, ‘आहे एक, कवठेमहांकाळला दिलीय, तिचं काही म्हणणं नाही.’ म्हणणं नसेल तर तसं नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली, आणि 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून तिचा हिस्साही नाही असं समजू नकोस. भाऊबीजेला साडी नेली की हक्क सुटतो, असं समजणारे भाऊ मी चिक्कार पाहिलेत.

‘इतर अधिकार’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेच्या आणि विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे असतो. कुळाचं नाव तिथे असतं. विहिरीतला पाण्याचा हिस्सा, कुणाचा जाण्यायेण्याचा हक्क, कोर्टाची मनाई, सगळं तिथे. तुझ्या फोटोत हा रकाना अर्धा कापला गेलाय. तेवढाच कसा कापला गेला, असा संशय माझ्या मनात आला हे खरं, पण असेल चुकून. पूर्ण पान पाठव. ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळही बघ, तिथे ‘नाही’ असायला हवं. भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग 1’ आहे, ते ठीक. वर्ग 2 असतं तर मी पत्र लिहीत बसलो नसतो, थेट नको म्हणालो असतो. कुळ कायद्यात मिळालेली, वतनाची, धरणग्रस्तांना दिलेली अशा जमिनी त्यात येतात आणि परवानगीशिवाय सहसा विकता येत नाहीत. देवस्थान इनामाच्या तर वाटेलाच जायचं नाही. आपल्या सातारा-सांगलीकडे कोयनेपासून पुढे किती धरणं झाली आणि किती गावं उठली, ते तुझ्या आजोबांना विचार. वर्ग 2 इथे पावलोपावली भेटतो.

आता क्षेत्र. उताऱ्यावर 0.81.00 आहे. हेक्टर, आर, चौरस मीटर असं वाचायचं. म्हणजे 81 आर, साधारण 80 गुंठे, दोन एकर. लोक आर आणि गुंठा एकच धरतात. थोडा फरक आहे, 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 1 गुंठा 101.17. मी नोकरीला लागलो तेव्हा साखळी होती. 33 फुटांची, 16 आण्यांची. लांबीला एक साखळी, रुंदीला एक साखळी, झाला गुंठा : 1,089 चौरस फूट. उन्हात तापलेली साखळी हातात धरली की तळव्यावर कड्यांचे ठसे उठायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, आता पोरं उपग्रहावरून मोजणारा रोव्हर खांद्यावर टाकून येतात आणि तासाभरात काम उरकतात. बरं झालं.

तुला त्यातले 3 गुंठे देतोय, प्लॉट नंबर 14. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्यात, मध्ये तीस फुटी रस्ता दाखवलाय. पण सातबारा एकच, दोन एकरांचा, आणि पीक ऊस. म्हणजे कागदावर अजून शेतच आहे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 पासून बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, त्याहून लहान तुकडा शेत म्हणून विकता येत नाही. मग एजंटच्या पोतडीतून दोन युक्त्या निघतात. एक, ‘अकरा गुंठ्यांत चौघं मिळून घ्या, नावं सामाईक लावू.’ ती नावं तशीच अडकून राहतात. उद्या तुला कर्ज हवं, की तिघांच्या सह्या हव्यात, आणि त्यातला एक दुबईला. दुसरी, ‘सध्या स्टॅम्पवर नोटरी करू, खरेदी मागाहून.’

या दुसऱ्या युक्तीवर मी अधिकारानं बोलू शकतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या आणि 1994 मध्ये स्वतः सांगलीत नोटरीवर दोन गुंठे घेतले. सगळे घेत होते. पगारात तेवढंच बसत होतं. तुझ्या काकू म्हणाल्या होत्या, ‘अहो, तुम्ही तरी असं करू नका’, पण ऐकतो कोण! सांगलीत या वसाहतींना गुंठेवारीच म्हणतात. 2001 मध्ये त्या नियमित करण्यासाठी कायदा आला, मी फाईल केली, पैसे भरले, कागद मिळाला. पण सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव. तो वारल्यावर पोरांनी खरेदीखतावर सही करायला नव्यानं पैसे मागितले, आणि मी दिले. कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या करारानं मालकी येत नाही. साठेखत असो, संचकारपत्र असो, ते पुढे खरेदी करून देण्याचं वचन. मालकी फक्त नोंदणीकृत खरेदीखतानं येते. नोटरीचा शिक्का सही तुमचीच आहे एवढं सांगतो. दुय्यम निबंधकाकडे त्याचा मागमूस नसतो, त्यामुळे तोच प्लॉट आणखी कुणाला विकला तरी नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या यादीत, म्हणजे सूची क्रमांक दोनमध्ये, तुला काही दिसणार नाही.

पाणी तर त्याहून वेगळं. 2005 ला माझ्या त्या दोन गुंठ्यांत छातीएवढं पाणी होतं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोका पातळी 45 फूट. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर ही नावं तू बातम्यांत ऐकली असशील, पाणी पहिल्यांदा तिथे शिरतं. तर जागा घेण्याआधी पूररेषेचा नकाशा बघायचाच. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. म्हणजे भराव आला, खर्च आला. एजंट सांगेल, ‘इथं कधीच पाणी आलं नाही.’ त्याच्याशी वाद घालू नकोस. शेजारच्या वस्तीवरच्या एखाद्या म्हातारीला विचार, ती भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

तुला हेच खरं समजून घ्यायला हवं, की जमीन तुझी होणं आणि तिचं तुला हवं ते करता येणं ही दोन वेगळी खाती आहेत. पहिलं महसूल आणि नोंदणीचं, दुसरं नगररचनेचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमही 1966 चाच. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत तुझ्या जमिनीचा गट कुठल्या रंगात आहे ते झोन दाखला आणि भाग नकाशा काढून कळतं. पिवळा असेल तर राहता विभाग. मग शेती ते बिनशेतीची पूर्वीसारखी वेगळी परवानगी काढत बसावं लागत नाही. हिरवा असेल तर शेती विभाग, तिथे बंगल्यांची वसाहत होत नाही. आणि गटातून एखादा रस्ता किंवा बागेचं आरक्षण गेलेलं असलं, तर ते सातबाऱ्यावर दिसेलच या भरवशावर राहायचं नाही. तुझ्या मावसभावाला महाबळेश्वरच्या वाटेवर ‘व्ह्यू’वाली जमीन हवी होती, आठवतंय? त्यालाही मी हेच म्हणालो होतो. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, डोंगर विकत घेता येईल पण त्यावर खोली टाकायला किती जणांची ना-हरकत लागेल ते आधी बघ. तो माझ्यावर अजून रुसलाय.

बिनशेती आदेश दाखवला, तरी त्यासोबतचा मंजूर रेखांकन नकाशा, म्हणजे लेआउट, मागायचा. त्यात प्लॉट 14 आहे का, तीस फुटी रस्ता आहे का, हे नंबर लावून बघायचं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणीही लागते. तुझ्या एजंटकडे यातलं काय काय आहे? माझा अंदाज आहे, रंगीत माहितीपत्रक आहे.

एकदा जागेवर जा, चपला नाही, बूट घालून. बांधावरून चाल. हद्दीचे दगड दिसतात का बघ. शेजारी दरवर्षी नांगराचं एकेक तास बांधात घालत असतो, वीस वर्षांत त्याचा गुंठाभर वाढतो आणि तुझा तेवढाच कमी होतो. म्हणून खरेदीआधी विकणाऱ्याला सरकारी मोजणी करून तिच्या नकाशाची ‘क’ प्रत द्यायला सांग. त्या नकाशावर रेकॉर्डची हद्द आणि प्रत्यक्षातली वहिवाट दोन्ही दाखवतात; दोन रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर फरक कुणाच्या बाजूला गेलाय ते तुझं तुलाच दिसेल. आणि डांबरी रस्त्यापासून गटापर्यंत कुणाच्या रानातून जावं लागतं, तेही बघ. जुनी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्यात तहसीलदारांकडे दाद मागता येते, बांधावरून नवी वाट हवी तर महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे. पण ज्यांनी ती दाद मागितलीय त्यांना विचार, किती वर्षं चिखलातून मोटारसायकल ढकलली.

एवढं वाचून वाटेल, काका घेऊच नको म्हणतात. तसं नाही. भाव वाजवी आहे, शाळा जवळ आहे, त्या बाजूला पूर आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बहिणीची सही आणि मंजूर रेखांकन दाखवलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर नोंदणीला येईन.

शुक्रवारचा विसार पुढे ढकल. एजंट म्हणेल दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. असू दे उभं. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये, येताना पूर्ण उतारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा आणि मिळतील तेवढे फेरफार घेऊन ये. आजोबांच्या शेताचा सातबाराही आण; शेती विभागात काही घ्यायची वेळ आली तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. माझा तो 1994 चा नोटरीचा कागद ट्रंकेत आहे, पुरात भिजून शाई पसरलीय पण शिक्का वाचता येतो. तोही काढून ठेवतो. काकू म्हणतायत, जेवायलाच ये, शेंगदाण्याची आमटी करतेय.

तुझा,
काका